उघड, ठेव, मिट, थांब

३ फेब्रुवारी

ज्यांच्या कामावर दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी डकवली गेली अशा तमाम बायांनो, आणि त्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माझ्या बारके,

हसू नकोस. तीस वर्षं तबकड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर उभी राहून भाषणं ठोकली, आता साधं पत्रही सभेसारखंच सुरू होतं. समोर एकटी भाची असली तरी मला तिच्यामागे गर्दी दिसते.

तुझं पत्र वाचता वाचता माझा चहा थंड झाला आणि डोकं गरम. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाठ मोडेपर्यंत उभी राहून तू लोकांच्या जुन्या रेकॉर्डी वाफेने धुतेस, आणि तो दुकानदार प्रत्येक कव्हरावर पट्टी लावतो, ‘आमच्या तज्ज्ञांनी स्वच्छ केलेली’. तज्ज्ञ कोण? तो? त्या माणसाने जन्मात स्वतःचा चष्मा तरी पुसलाय का? आणि कुणी विचारलंच तर म्हणतो, ‘आहे एक बाई, करते घरच्या घरी.’ आहे एक बाई! जाडजूड शब्दकोश उघडून बघ. पहिल्या पानावर संपादकाचं नाव, सोनेरी अक्षरांत. वर्षानुवर्षं खोल्यांत बसून ज्यांनी एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या लावल्या त्या? आहेत काही बायका.

यावर तू लिहितेस, ‘जाऊ दे मावशी, एवढ्यातेवढ्यावरून कुठे भांडायचं.’ बारके, जो घेतो त्याला कधी ‘जाऊ दे’ म्हणताना ऐकलंस? हे दोन शब्द फक्त ज्याचं जातं त्याच्या तोंडात असतात, घोड्याच्या तोंडात लगाम असावा तसे. सोड तो लगाम. दुकानदाराला सांग, पट्टीवर माझं नाव, नाहीतर माझी वाफ बंद.

आणि ती वाफ कशी देतेस ते नीट लिही. वाफ म्हणजे माझं माहेर. फोन करू नकोस, मला काही कळत नाही. उजवा कान कारखान्यातल्या प्रेसने खाल्ला, डावा वयाने. लिही.

तुझी थोरली मावशी

९ फेब्रुवारी

ती. मावशी, सा. न.

दुकानदाराशी बोलले. तो म्हणाला, ‘बघू.’ म्हणजे नाही. पण निदान माझ्या तोंडून शब्द निघाले, त्याचं श्रेय तुला.

वाफेचं विचारलंस. कपड्यांच्या सुरकुत्या काढायचं ते हातातलं यंत्र असतं ना, तेच वापरते. त्यात शुद्ध केलेलं पाणी, नळाचं नाही, नाहीतर क्षार खाचांत बसतात. रेकॉर्ड फिरत्या पाटावर ठेवायची, मधल्या लेबलावर रबराचं झाकण दाबून बसवायचं. मग वीतभर अंतरावरून वाफ, हात एका जागी थांबवायचा नाही. मळ फुगून वर आला की खाचांच्या दिशेनेच मऊ ब्रश, मग मऊ फडकं, मग ताटाळ्यात उभी करून वाळवायची. आमची ताटं हल्ली खुर्चीवर असतात. हे म्हणतात, ‘या घरात माणसांना आंघोळीसाठी रांग आणि रेकॉर्डींना रोज वाफेचं स्नान.’

आता गंमत ऐक. परवा एक म्हातारे गृहस्थ आले. दुकानात रेकॉर्डी ठेवायला तयार नव्हते, ‘ज्या हातांनी धुणार ते हात आधी बघीन’ म्हणाले, म्हणून दुकानदाराने नाइलाजाने पत्ता दिला. पांढरे केस मागे वळवलेले, हाताला कंप, पण आवाज खणखणीत.

‘वाफेने? हे काय शर्ट आहेत का, इस्त्रीला टाकायला?’

‘शर्टापेक्षा नाजूक आहेत, म्हणून तर इस्त्री नाही, नुसती वाफ.’

हसले. तीस रेकॉर्डींचं खोकं खाली ठेवलं आणि रेशमी फडक्यात गुंडाळलेली एक वेगळी हातात दिली. ‘बाई, ती तीस कशीही धुवा. ही मात्र आपल्या घरचं माणूस समजून. आमच्या हिचा आवाज आहे. एवढं एकच गायली, मग घसा गेला. ती गेली, कारखाना गेला, आता धड अशी ही एकच उरली आहे.’

मावशी, ते तुझ्याच कारखान्यातले गाण्याचे मास्तर आहेत! सतरा मार्चला त्यांचा सत्कार आहे, नगरसभागृहात. तिथे ही रेकॉर्ड लावायची. हात थरथरतात म्हणून सुई मीच ठेवायची, मंचावर. आणि सूचना अशी, की तोपर्यंत कुणी वाजवायची नाही, आणि त्या दिवशी सुई अगदी कडेला ठेवायची नाही, बोटभर आत ठेवायची. का, ते सांगितलं नाही. मोठ्यांची तऱ्हा.

गाण्याचं नाव ‘उघड, ठेव, मिट, थांब’. कव्हरामागे कुणा समीक्षकाने लिहिलंय, की प्रियकराची वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या पापण्यांचं हे गाणं, आणि पार्श्वभूमीला समुद्राची गाज. हे शब्द आईसुद्धा पुटपुटायची, मला पांघरूण घालताना, नुसते शब्द, चाल न लावता. म्हणजे तेव्हा गाणं बरंच गाजलेलं दिसतं. तू ओळखतेस का मास्तरांना?

तुझी बारकी

१२ फेब्रुवारी

बारके,

ओळखते.

मी सांगते तसं कर आणि कारण विचारू नकोस. ती रेशमी फडक्यातली तबकडी पाटावर ठेव. लेबलावर झाकण लावायचं नाही. वीतभर अंतर नको, बोटभर ठेव. हात फिरवायचा नाही, एका जागी धरायचा आणि चाळीस आकडे मोजायचे. सावकाश, एखाद्याला दाराबाहेर ताटकळत ठेवतात तसे. प्लास्टिक लवेल, खाचा एकमेकींत मिसळतील. मग जागा बदल आणि पुन्हा चाळीस. थंड झाली की फडक्यात गुंडाळून ठेव. सतरा तारखेला त्याच्यासमोर, त्याच्या टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर सुई ठेव. बोटभर आत, त्याची इच्छा आहे तशी.

ते गाणं त्याच्या बायकोचं नाही. प्रेस हॉलमधल्या एका कामगार बाईचं आहे. त्याने ते चोरलं. चाळीस वर्षं तो त्या गाण्याच्या सावलीत पाय पसरून बसलाय. झाड तोडायचं माझ्या हातात नव्हतं, कारण झाड कुठे आहे तेच मला माहीत नव्हतं. आणि आता ते आपल्या पायाने चालत तुझ्या ओट्यावर आलं. याला योगायोग म्हणणारे म्हणोत. मी याला थकलेली बाकी म्हणते.

तुझं काम बिघडेल, नाव जाईल, असं म्हणशील. कसलं नाव? ‘आहे एक बाई’?

चाळीस मोज.

मावशी

१९ फेब्रुवारी

ती. मावशी, सा. न.

मोजले. नऊपर्यंत.

खरं सांगते, मी ते करणार नव्हते. पण तुझं पत्र आलं त्याच सकाळी दुकानातून परत आलेल्या खोक्यावर पुन्हा तीच पट्टी, आता तर चकचकीत छापलेली. डोकं सटकलं. म्हटलं, होऊन जाऊ दे, कुणाचं तरी काहीतरी वितळू दे. झाकण काढलं, यंत्र जवळ नेलं. नऊवर हात आपोआप मागे आला. मावशी, मी हजारभर रेकॉर्डी धुतल्या असतील. हात ऐकत नाहीत. कडेला अगदी किंचित लहर आली आहे, दोन जाड काचांमध्ये दाबून ठेवली आहे, सपाट होईल.

पण एक विचित्र झालं. लेबलाची कड सुटली.

लहानपणी तूच मला दाखवलं होतंस, की रेकॉर्डीचं लेबल चिकटवत नाहीत, प्लास्टिकच्या गरम गोळ्यावर ठेवून प्रेसमध्ये दाबतात, ते अंगात मुरतं. वाफ देऊन त्याचा रंग उतरेल, पण ते सुटणार नाही. मग हे कसं सुटलं? मी घाबरून थांबले. खाली आणखी कागद आहे असं वाटतं. गिऱ्हाइकाची वस्तू, म्हणून बोट लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर बघायला आले. मी सांगितलं, दाबात ठेवली आहे, उघडता येणार नाही. बसले खुर्चीवर, ताटं उचलून. माझं दुसरं काम चालू होतं. वाफेचा आवाज ऐकत डोळे मिटले आणि म्हणाले, ‘हा आवाज आमच्या प्रेस हॉलचा. कानठळ्या बसायच्या.’

मी सहज विचारलं, ‘तिथल्या बायका गायच्या म्हणे?’

‘गायच्या? बडबडायच्या! त्यांच्यात एक तर भलतीच. सकाळ-संध्याकाळ फाटकावर भाषण. साहेब टरकून असायचे. मी म्हटलं साहेबांना, कशाला घाबरता? बाई तोंडाने वाघीण आहे, पण उकाड्याने हैराण आहे. दहा पंखे लावा. लावले. गप्प!’ आणि खो-खो हसले. ‘दहा पंख्यांत गप्प बसली! स्वस्तात.’

मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. कोण गं ही दहा पंख्यांची वाघीण? तुझ्याच संघटनेतली असेल, तुला माहीत असेल. आणि ती गाणारी कोण होती? तिचं कुणी असेल तर तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय हा आवाज वितळवणारे आपण कोण?

तुझी बारकी

२५ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले. तीन दिवसांत मी अकरा कागद फाडले. आयुष्यात पहिल्यांदा मला सुरुवात सुचत नाही, म्हणून शेवटच आधी लिहिते. ती गाणारी तुझी आई होती. आणि दहा पंख्यांत गप्प बसली ती मी.

आता नीट ऐक.

प्रेस हॉलमध्ये ऐंशी जणी. प्रत्येकीसमोर वाफेवर तापलेला प्रेस. प्रेस उघडायचा, खाली लेबल, वर गरम गोळा, त्यावर दुसरं लेबल ठेवायचं, प्रेस मिटायचा, आणि वाफ जाऊन थंड पाणी फिरेपर्यंत थांबायचं. उघड, ठेव, मिट, थांब. पापण्या कसल्या आणि प्रियकर कसला! नवीन आलेल्या पोरींचे हात भाजू नयेत म्हणून तुझ्या आईने त्या चार शब्दांना चाल लावली. तिच्या गाण्याच्या ठेक्यावर ऐंशी प्रेस एकदम उघडायचे. समीक्षकाचा समुद्र म्हणजे आमच्या नळ्यांमधून सुटणारी वाफ.

मास्तरांनी जेवणाच्या सुट्टीत यंत्र आणून ते हॉलमध्येच टिपलं. चांगलं निघालं, पाचशे तबकड्यांची ऑर्डर निघाली. लेबलावर नाव काय? सासरचं नाव गाण्याला लावायला तुझ्या आजीची सक्त मनाई. तुझी आई म्हणाली, मला इथे ज्या नावाने हाक मारतात तेच टाका. आम्ही दोघी बहिणी, सगळ्या हॉलला मी थोरली आणि ती धाकटी. छापखान्यात लेबलं छापली, ‘गायन : धाकटी, प्रेस हॉल’. पाचशेच्या पाचशे आम्ही आमच्या हातांनी दाबल्या.

दोन दिवसांनी मास्तर बांधणीच्या खोलीत दार लावून बसला आणि त्या पाचशेंवर नवी लेबलं डकवली. बायकोच्या नावाची. त्या बाईला गाता येत नव्हतं, म्हणून तिचा घसा गेल्याची कथा आयुष्यभर सांगावी लागली.

हॉल पेटला. मी पेटवला. काम बंद. उन्हाळा असा, की त्याच आठवड्यात तिघींना भोवळ आली होती, एकीचा हात प्रेसखाली जाता जाता वाचला होता. चौथ्या दिवशी साहेबांनी मला एकटीला बोलावलं. म्हणाले, लेबलाचा विषय सोडा, उद्या हॉलमध्ये दहा पंखे लागतात. मी ‘प्रेस हॉलची लेबलाबाबत तक्रार नाही’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली. मग तुझ्या आईकडे गेले आणि तिला भाषण दिलं. हो, भाषणच. एक नाव मोठं की ऐंशी जीव? इतिहासात व्यक्ती नसते, समूह असतो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बरं ताई.’

ती पुन्हा गायली नाही. हॉलमध्ये नाही, घरात नाही, तुझ्या पाळण्याशीही नाही. माझ्याशी कधी भांडली नाही, बारके. शेवटपर्यंत ताई ताई करत राहिली. याहून मोठा सूड कुणी कुणावर उगवला असेल तर मला माहीत नाही.

आणि मी तुला काय सांगितलं? वितळव. मास्तरावर सूड, असं मला वाटत होतं. आज तुझ्या पत्रातलं ते ‘खो-खो’ पुन्हा वाचलं आणि कळलं, की मला माझी सही वितळवायची होती. मला काय, मला ऐकूच येत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला आवाज जाळायला काय जातं?

वरचं लेबल काढ. खालचं दाबातलं आहे, ते जाणार नाही. पुढे तू ठरव.

थोरली

३ मार्च

मावशी,

आज नमस्कार लिहीत नाही.

तू माझ्याच हाताने माझ्या आईचा गळा दाबायला निघाली होतीस. चाळीस मोज म्हणालीस. दहाव्या आकड्यावर कदाचित तिचं पहिलं कडवं गेलं असतं, विसाव्यावर दुसरं, आणि मी फडक्यात गुंडाळून ठेवलं असतं. आठ वर्षं झाली ती जाऊन. तिचा आवाज म्हणून माझ्याकडे काय आहे सांग? काही नाही. आणि तू कारण विचारू नकोस म्हणालीस. मास्तरने एक नाव चोरलं. तू तर माझी आईच चोरली असतीस.

वरचं लेबल काढलं. वाफेवर हळूहळू, कड धरून, एका तुकड्यात आलं. खाली फिकट निळं लेबल, अक्षरं साफ. ‘गायन : धाकटी, प्रेस हॉल’. मी ओट्याशी खाली बसले. हे धावत आले, त्यांना वाटलं भाजलं.

मग वाजवली. मनाई असताना वाजवली. गाण्यामागे सारखं सूं सूं, सूं सूं. वाटलं, खाचांत मळ राहिलाय. पुन्हा वाफ दिली. तरी तेच. तिसऱ्यांदा दिली, ब्रशने अर्धा तास घासली, तरी जाईना. मी स्वतःवर चिडले, हजार रेकॉर्डी धुणारी मी, आणि आईचीच धुता येईना? मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. तो मळ नव्हता. ती तुमची वाफ होती. मी वाफेने वाफ धूत बसले होते.

तुला ऐकू येणार नाही, म्हणून लिहिते. सांगायला नको वाटतं, पण आईची वस्तू आहे आणि तू तिची बहीण आहेस. आवाज मला वाटला होता तसा गोड नाही. रुंद आहे. ‘उघड’ म्हणताना खरंच काहीतरी जड उघडतंय असं वाटतं. ‘थांब’वर ती इतकी थांबते, की आता विसरली की काय असं होतं, आणि मग श्वास घेते, तो श्वाससुद्धा ऐकू येतो. मला पांघरूण घालताना ती याच जागी थांबायची. मला वाटायचं, ती मी झोपले का ते बघते.

आणि आता बोटभर आत का, ते. अगदी कडेला, गाणं सुरू व्हायच्या आधी एक बाई ओरडते, ‘गप्प बसा गं सगळ्या! आमची धाकटी गाते!’ मावशी, तो आवाज कुणाचा, हे मला कुणी सांगायची गरज नाही. मास्तर चाळीस वर्षं त्या एका वाक्याला चुकवत आले. लेबल बदलता आलं, तू बदलता आली नाहीस. ते तू स्वतःच केलंस.

सतराला मंचावर मी जाणार. प्लेअरवर वरून कॅमेरा आहे, मागे मोठा पडदा. सुई ठेवायच्या आधी मी रेकॉर्ड न फिरवता तशीच ठेवीन, सगळ्यांना वाचून होईपर्यंत. वरचं काढलेलं लेबल मास्तरांच्या हातात देईन, रेशमी फडक्यात घालून. मग सुई, अगदी कडेला.

हा झाला त्यांचा हिशेब. आता तुझा. गाणं संपलं, की तू मंचावर यायचंस आणि पंख्यांचं सांगायचंस. समूहाबिमूहाची भाषा नको. तिला काय सांगितलंस आणि ती काय म्हणाली, एवढंच. तू आली नाहीस तर मी सांगेन. मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. मी जे झालं तेच सांगेन.

बारकी

ता. क. दुकानदाराच्या पट्ट्या मी वाफेवर सोडवल्या आणि सगळ्या त्याच्या काचेवर चिकटवून आले.

७ मार्च

बारके, तुझी अट मान्य. खालचं पत्र आज अकरा पत्त्यांवर गेलं. ऐंशीतल्या माझ्याशिवाय तेवढ्याच उरल्या आहेत. ही तुझी प्रत.

प्रेस हॉलच्या बायांनो, दहा पंख्यांच्या वाऱ्याखाली बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

तुमच्यावर अन्याय झाला तेव्हा मी फाटकावर उभी राहून ओरडले, आणि तुमच्यावर मीच अन्याय केला तेव्हा बंद दाराआड सही केली. पहिलं तुम्हाला ठाऊक आहे. दुसरं आज सांगते. पंखे लढून मिळाले असं मी तुम्हाला सांगितलं होतं. नाही. धाकटीचं नाव देऊन मिळाले. तुम्हाला विचारलं असतं तर तुमच्यापैकी किती जणी ‘उकाडा चालेल’ म्हणाल्या असत्या, ते मला कळायला नको होतं, म्हणून मी विचारलं नाही.

तुमच्यातली एक म्हणेल, ‘थोरली, चाळीस वर्षांनी मेलेलं उकरायचं कशाला?’ मेलेलं नाही. तिच्या लेकीने ते वाफेने धुऊन काढलंय. पाचशेंपैकी धड उरलेली एक, त्यावर आपण दाबलेलं लेबल जसंच्या तसं, आणि गाण्यामागे तुमची वाफ. तुमचे ऐंशी प्रेस त्यात चालू आहेत. त्यांना लोक आजवर समुद्र म्हणत आले.

आणि दुसरी म्हणेल, ‘म्हातारा आहे, जाऊ दे.’ तो आपल्याला हसतो, बायांनो. आजही, खुर्चीत रेलून, खो-खो. माणूस म्हातारा झाला म्हणून त्याची चोरी म्हातारी होत नाही. ती रोज सकाळी ताजी उठते आणि हार घालून घेते. मला त्याच्या अंगाला बोट लावायचं नाही. त्याच्या गळ्यातला हारसुद्धा काढायचा नाही. हार गळ्यात असतानाच त्याने ते लेबल हातात धरलेलं मला बघायचंय. आणि मला हसताना त्याने जे तोंड उघडलं होतं ते मिटलेलं बघायचंय. मग मी वर जाणार आणि माझ्यावरचं सांगणार. तो माझा वाटा, तो मी चुकवणार नाही.

सतरा मार्च, संध्याकाळी पाच, नगरसभागृह. तिसरी रांग, डावीकडच्या बारा खुर्च्या. मी साडेचारला जाऊन पिशव्या ठेवून त्या अडवणार आहे. गुडघे दुखत असतील तर नातवंडांच्या आधाराने या, पण या.

तिथे घोषणा द्यायची नाही. मास्तराला शिव्या द्यायच्या नाहीत, त्या मी घरी देऊन आले असेन. फक्त एक काम करायचं. माझे दोन्ही कान गेले आहेत. सुई टेकली की आधी माझा तरुण आवाज येईल, तुम्हाला गप्प बसा म्हणणारा. त्याला या वेळी जुमानू नका. त्यानंतर धाकटी गायला लागेल, आणि मला ते कळणार नाही. मी समोर बघत बसलेली असेन, सगळं सभागृह ऐकत असेल आणि मी एकटी बाहेर असेन.

म्हणून तिचा पहिला शब्द कानावर पडला, की तुम्ही अकराही जणी उठून उभ्या राहा, म्हणजे मला कळेल की माझी बहीण गाते आहे.

थोरली